पाक आणि मळी

शब-ए-बरातच्या आदल्या संध्याकाळी आमच्या घरी चण्याच्या डाळीचा हलवा होतो. डाळ शिजवणं, वाटणं, तुपात परतणं ही कामं घरातल्या सुना करतात, पण साखरेचा पाक अम्मी अजूनही दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. ऐंशी वर्षांची आहे. गॅसपुढे खुर्ची टाकून बसते. साखर विरघळली की पातेल्यात चमचाभर दूध सोडते. थोड्या वेळाने कडेकडेने राखाडी फेस जमायला लागतो. तो झाऱ्याने उचलून ती एका वाटीत काढत जाते. या फेसाला आपण मळी म्हणतो. मळी निघाली की पाक आरशासारखा दिसतो.

लहानपणी मला या शब्दाचं कोडं पडायचं. शाळेतल्या मराठीत पाक म्हणजे साखरेचा रस. घरातल्या बोलण्यात पाक म्हणजे स्वच्छ, पवित्र. कपडे पाक आहेत का, जागा पाक आहे का, असं अम्मी दिवसातून दहादा विचारायची. मला वाटायचं, मळी काढून टाकली म्हणून तो पाक. दोन शब्द दोन वेगळ्या भाषांतून आले आहेत हे खूप उशिरा कळलं, पण माझ्या डोक्यात ते आजही एकच आहेत.

यंदा त्या संध्याकाळी मंचरहून मामू आले होते. अम्मीचे धाकटे भाऊ. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीसेक वर्षं नोकरी केली आणि २००६ साली निवृत्त झाले. त्या कारखान्याचं नाव मी इथे लिहीत नाही. अम्मीचा झारा बघत ते म्हणाले, "आपा, हमारे कारखाने में बी येच करते थे. तुम्हारा चमचाभर दूध, हमारा चुना."

तेवढ्यात धाकट्या भावाचा शेतावरून फोन आला. जुन्नरच्या पूर्वेकडे आमची अडीच एकर जमीन आहे, विहीर आणि कालव्याचं पाणी. सुरू उसाच्या लागणीसाठी रान तयार होतं. "भाई, कारखान्याची मळी मिळतेय. दोन ट्रॉल्या सांगू का? परवा येतील."

फोन स्पीकरवर होता. मामूंनी मान वर केली आणि विचारलं, "तपासलेली आहे का?"

भाऊ हसला. "मामू, मळी कोण तपासतंय?"

मामू काही बोलले नाहीत. अम्मीने वाटीतली मळी मोरीत ओतली आणि नळ सोडला.

*

ज्यांचा कारखान्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी शब्दांचा घोळ सोडवतो. मळी हा शब्द आपल्याकडे दोन वस्तूंना वापरतात. सरकारी कागदात मळी म्हणजे मोलॅसिस, साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा घट्ट द्रव, ज्याच्यापासून अल्कोहोल करतात. शेतकऱ्याच्या तोंडी मळी म्हणजे बहुतेक वेळा प्रेसमड. रस स्वच्छ करताना खाली बसलेला आणि गाळून निघालेला काळपट, भुसभुशीत चोथा. मी इथे मळी म्हणेन तेव्हा हाच अर्थ घ्या.

शंभर टन ऊस गाळला की साधारण तीस टन भुसा म्हणजे बगॅस निघतो, तीन-चार टन मळी, चार-साडेचार टन मोलॅसिस आणि दहा-बारा टन साखर. दिवसाला पाच हजार टन गाळणाऱ्या कारखान्यात रोज दीड-दोनशे टन मळी तयार होते. ती कुठेतरी जायलाच हवी. ती शेतात जाते, आणि जावी हेही खरंच आहे. तिच्यात सेंद्रिय कर्ब असतो, स्फुरद असतो, चुना असतो. आपल्या दमलेल्या जमिनींना तिची गरज आहे.

ती तयार कशी होते? उसाचा रस गढूळ आणि आंबट असतो. तो तापवून त्यात चुन्याची निवळी घालतात, गंधक जाळून त्याचा वायू सोडतात, बऱ्याच ठिकाणी थोडं फॉस्फोरिक अ‍ॅसिडही घालतात. मग रसातली माती, मेण, प्रथिनं, क्षार यांचा गोळा होऊन तो खाली बसतो. तो गाळ फिल्टरवर बारीक भुसा मिसळून गाळतात. वर राहते ती मळी. निवळलेला रस आटवून त्याची साखर करतात. साखरेचे खडे बनताना ते आपल्यासारख्याच कणांना जवळ घेतात, परक्यांना बाहेर ढकलतात. ते बाहेर ढकललेलं सगळं मोलॅसिसमध्ये जमतं.

म्हणजे ज्या क्षणी साखर पाक होते, त्याच क्षणी तिच्यातलं नको असलेलं सगळं मळीत आणि मोलॅसिसमध्ये गोळा झालेलं असतं. रसात चिमूटभर शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल असेल तर तेही तिकडेच जातं. सेंद्रिय घाण कुजते, तिची माती होते. धातू कुजत नाही, जळत नाही, उडून जात नाही. उलट मळीचं कंपोस्ट करताना कर्ब हवेत निघून जातो, ढिगाचं वजन घटतं आणि धातू होता तेवढाच राहतो. किलोमागे त्याचं प्रमाण वाढतं.

मोलॅसिसचा पुढचा प्रवासही असाच आहे. त्याच्यापासून एक लिटर अल्कोहोल काढलं की मागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश उरतो, काळा आणि आंबूस. पूर्वी त्याचे तलाव असायचे, ओढ्यात सुटला की मासे मरायचे. आता नियम असा की त्यातला एक थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही. म्हणून काही ठिकाणी तो मळीच्या ढिगांवर फवारून कंपोस्ट करतात, काही ठिकाणी आटवून बॉयलरमध्ये जाळतात. जाळल्यावर राख उरते. त्या राखेत पालाश असतो, म्हणून मोलॅसिसपासून मिळणाऱ्या या पोटॅशला २०२१ पासून केंद्राच्या खत अनुदानात जागा मिळाली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं धोरण आल्यावर हे सगळंच वाढलं. चांगली गोष्ट आहे, बाहेरून आणायचा पालाश थोडा घरचा झाला. पण राख म्हणजे तरी काय? जे जळलं नाही ते.

*

रात्री हलवा वाटून झाला. ओसरीवर मामू आणि मी दोघंच होतो. मी विचारलं, "मामू, तुम्ही तपासणीचं का विचारलंत?"

ते म्हणाले, "मी तिथे काय काम करायचो, तुला माहीत आहे का?"

मला वाटायचं माहीत आहे. लॅबमध्ये होते, पांढरा कोट होता, सुट्टीत आम्ही गेलो की भिंगातून साखरेचे खडे दाखवायचे. मामूंनी मग मला त्यांचं काम पहिल्यांदा सविस्तर सांगितलं.

उसात साखर किती हे पोलॅरिमीटर नावाच्या यंत्रावर मोजतात. साखरेच्या द्रावणातून खास प्रकाश सोडला की तो थोडा वळतो. जितका वळेल तितकी साखर. पण त्यासाठी द्रावण पारदर्शक हवं, आणि उसाचा रस असतो शेवाळी. म्हणून शंभर मिलिलिटर रस घ्यायचा, त्यात एक ग्रॅमच्या आसपास पांढरी पावडर टाकायची, बाटली हलवायची, गाळणकागदातून गाळायचं. सगळा गढूळपणा कागदावर राहतो आणि स्वच्छ पाणी खाली टपकतं. ते नळीत भरायचं आणि आकडा वाचायचा. पहिल्या मिलचा रस, मिश्र रस, शेवटच्या मिलचा रस, सिरप, मोलॅसिस, मळी, सगळ्यांचे नमुने. पाळी बदलली तरी काम चालूच.

ती पांढरी पावडर म्हणजे शिसं. लेड सबअ‍ॅसिटेट. जगभरच्या साखर कारखान्यांत शंभराहून अधिक वर्षं तीच वापरली गेली. तिच्या जवळच्या नात्यातल्या लेड अ‍ॅसिटेटला जुन्या रसायनशास्त्रात शिशाची साखर असंच नाव आहे, कारण ते गोड लागतं. रोमन लोक द्राक्षाचा रस शिशाच्या भांड्यात आटवायचे, तो जास्त गोड व्हायचा, आणि त्या गोडीबरोबर शिसंही पोटात जायचं.

"माझ्या आधीचा जो जुना माणूस होता," मामू म्हणाले, "त्याने पहिल्या दिवशी डबा दाखवून सांगितलं, चाटू नको रे, मीठी लगती है मगर जहर है. तेवढीच ट्रेनिंग."

"मग गाळून झाल्यावर?"

"बेसिनमध्ये. कागद कचऱ्यात, पाणी बेसिनमध्ये. बाटल्या धुतलेलं पाणीही बेसिनमध्ये. बेसिनचा पाइप भिंतीबाहेर, भिंतीबाहेर नाली."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सवयीने हिशेब केला. मामूंच्या आठवणीप्रमाणे दिवसाला साठ-सत्तर नमुने. साठ धरले आणि हंगाम दीडशे दिवसांचा धरला, तर एका हंगामात नऊ किलो पावडर. तिच्यात तीन चतुर्थांश शिसंच असतं. मामूंची तीस वर्षं धरली तर शिसंच दोनशे किलोंच्या घरात गेलं. लाखो टन ऊस गाळणाऱ्या कारखान्यात हे काहीच नाही. पण ते लाखो टनांत पसरलं नव्हतं. ते एका बेसिनमधून एका नालीत गेलं.

"नाली कुठे जायची?"

मामू थोडा वेळ गप्प बसले. "पुढे चाऱ्याचं रान होतं. कामगारांसाठी. लसूणघास, कडवळ. आम्हाला सवलतीत मिळायचा. माझी म्हैस त्याच चाऱ्यावर होती. तुझी ममेरी बहीण त्याच दुधावर वाढली."

माझी ती बहीण आज दोन मुलांची आई आहे, तब्येत ठणठणीत आहे. मी तसं म्हणालोही. मामू म्हणाले, "हो, अल्लाहचा शुक्र आहे. पण शेजारच्यांचीही म्हैस होती ना. मी सगळ्यांचा हिशेब कुठे ठेवलाय?" मग म्हणाले, "मी दिवसातून दोनदा तिथेच वजू करायचो. त्याच बेसिनमध्ये. तीन तीन वेळा हात धुवायचो. आपले हात पाक झाले की बस. पाणी पुढे कुठे गेलं ते तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही."

मामूंना त्या कारखान्यावर राग काढायचा नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तिथल्या कुणालाच फार माहीत नव्हतं. आणि ते सगळं मोजमाप शेतकऱ्यासाठीही होतं. साखर उतारा किती पडला यावर उसाचा दर ठरतो. आजही एफआरपीचा हिशेब १०.२५ टक्के उताऱ्यापासून सुरू होतो. शेतकऱ्याला त्याच्या गोडीचे पैसे नीट मिळावेत म्हणून वापरलेलं शिसं कुणाच्या तरी चाऱ्यात उतरलं, एवढीच गोष्ट. शिशाशिवाय रस निवळायच्या पद्धती आता आहेत, अ‍ॅल्युमिनियमची संयुगं वापरून आकडा तसाच अचूक मिळतो. मामू निवृत्त झाले त्या दिवशी मात्र डबा त्याच फळीवर होता.

*

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. मी त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाई, ते मामूंच्या वेळचं, मामूंच्या कारखान्याचं. आपल्याकडचं तू कशावरून सांगतोस?"

बरोबर आहे. आपल्याकडे जुन्नरात विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर असे दोन सहकारी कारखाने आहेत. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, बाजरी-मठाच्या रानात पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे कारखाने. त्यांच्यामुळे इथल्या घरांवर स्लॅब पडले, मुलं शिकली, मीही त्यातलाच. माझ्या हातात त्यांच्याविरुद्ध काही नाही आणि माझं बोट त्यांच्याकडे नाही. जमीन बिघडायला फक्त कारखाना लागतो असंही नाही.

स्वतःचंच सांगतो. आमच्या रानात ऊस येण्याआधी काही वर्षं द्राक्षबाग होती. डाऊनी आला की मोरचूद आणि चुना, बोर्डो मिश्रण. मोरचूद म्हणजे तांबं. किती वर्षं किती फवारलं याची नोंद नाही, पण ते सगळं त्याच मातीत आहे. सुपर फॉस्फेट आम्ही पोत्यांनी टाकलं. ते ज्या खडकापासून बनतं त्या खडकातच थोडं कॅडमियम असतं. युरोपने यावर मर्यादा घातली. २०२२ पासून तिथे फॉस्फेट खतात एक किलो स्फुरदामागे, म्हणजे फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे, ६० मिलिग्रॅमहून जास्त कॅडमियम चालत नाही. कारखान्यात रसात पडणारं फॉस्फोरिक अ‍ॅसिडही तशाच खडकातून येतं. रोलर झिजतात, नळ्या झिजतात, चुन्यात जे असेल ते येतं. आणि मुळात आपली काळी माती बेसाल्टची. तिच्यात तांबं, निकेल, क्रोमियम जन्मतःच जास्त असतात. म्हणून नुसता आकडा पाहून हे कारखान्याचं, हे खताचं, हे दगडाचं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

"मग झालं तर," भाऊ म्हणाला.

नाही झालं. कुणाचं किती हे सांगता येत नाही म्हणूनच मोजून ठेवायला हवं. मी कपाटातून आमची मृदा आरोग्य पत्रिका काढली. २०१५ साली ही योजना आली. पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल आणि बोरॉन. शिसं नाही, कॅडमियम नाही, पारा नाही, आर्सेनिक नाही. तांबं आणि जस्त आहेत, पण ते कमी तर पडत नाहीत ना हे बघायला. जास्त तर झाले नाहीत ना, हा प्रश्न पत्रिका विचारतच नाही.

आणि मळी? पिशवीत भरून विकल्या जाणाऱ्या कंपोस्टला खत नियंत्रण आदेश लागू आहे. त्यात किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १०, पारा ०.१५ अशी कमाल मर्यादा दिलेली आहे. पण ट्रॉलीतून सुटी येणारी मळी शेतकऱ्याला मिळते ती वजनाच्या पावतीवर. त्या पावतीवर टनांचा आकडा असतो, आत काय आहे ते नसतं. त्याच कारखान्यातून निघणाऱ्या साखरेच्या पोत्यावर एस-३० की एम-३० हा दर्जा छापलेला असतो. साखरेचा रंग किती उजळ हे मोजायला आंतरराष्ट्रीय एकक आहे. साखर चहाच्या कपात जाते, म्हणून तिची एवढी उलटतपासणी. मळी आपल्या जमिनीत जाते, तिला कुणी काही विचारत नाही.

भाऊ हिशेबाला पक्का आहे, म्हणून त्याच्यासमोर हिशेब मांडला. समज मळीत शिसं बरोबर मर्यादेइतकं आहे, किलोमागे १०० मिलिग्रॅम. कायद्याने ती ठीक. कोरड्या वजनाने एकरी दहा टन टाकली तर एकरात एक किलो शिसं गेलं. एकराच्या वरच्या अर्धा फूट मातीचं वजन नऊशे टनांच्या आसपास. म्हणजे मातीत किलोमागे जेमतेम एक मिलिग्रॅमची भर. एका वर्षात काही बिघडत नाही. पण ते परत निघत नाही. दहा वेळा टाकली की दहा. कॅडमियमचा हिशेब याहून नाजूक. दर खेपेला भर पडते ती मिलिग्रॅमच्या विसाव्या हिश्श्याएवढी, पण मातीत मुळात ते एका मिलिग्रॅमहून कमीच असतं, म्हणून दहा खेपांत ते दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. आणि शिसं मातीला धरून बसतं, कॅडमियम पिकात चढतं. पालेभाजीत सगळ्यात जास्त.

"खोडवा मोडल्यावर आपण त्या रानात काय करतो?" मी विचारलं.

"मेथी," तो म्हणाला. "कोथिंबीर." आणि थांबला. ती मेथी नारायणगावच्या बाजारात जाते, आणि जाण्याआधी दोन जुड्या घरी येतात.

*

कॅडमियम शरीरात गेलं की मूत्रपिंडात बसतं आणि दहा दहा, वीस वीस वर्षं हलत नाही. जपानमध्ये तोयामा भागात जिंझू नदीच्या वरच्या अंगाला खाण होती. तिचं पाणी नदीत, नदीचं पाणी भातखाचरात. गावच्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की कूस बदलताना मोडायची. त्या रोगाला लोकांनी नाव दिलं इताई-इताई, म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. त्याचं कारण खाणीतलं कॅडमियम आहे हे तिथल्या सरकारने १९६८ साली मान्य केलं, तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. खाणीचं पाणी आणि कारखान्याची मळी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सांगायचं एवढंच की पाण्यातून मातीत, मातीतून ताटात हा रस्ता खरा आहे आणि त्या रस्त्याने चालत येणारं दिसत नाही.

उलटं उदाहरणही आहे. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिशाचा रंग लावायचे. २०१९ मध्ये बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसं सापडलं. संशोधकांनी गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं हळदीपर्यंत माग काढत नेलं होतं. मग सरकारने घाऊक बाजारात छापे घातले, व्यापाऱ्यांना दंड केला, गावोगाव सांगितलं. २०२१ मध्ये नमुन्यांत शिसं सापडलं नाही. शून्य टक्के. गरीब देश, दाट वस्ती, गाजावाजा नाही. फक्त कुणीतरी विचारलं आणि कुणीतरी मोजलं.

आपल्याकडे विचारणं खरं तर सोपं आहे. कारखाना सहकारी आहे. भाऊ सभासद आहे, त्याच्या नावावर शेअर आहे. सभेला तो जातो तेव्हा दर किती, हप्ता कधी, सभासदांची साखर किती किलो, एवढंच विचारलं जातं. मळीचा प्रश्न सभेत निघाला तर तो मळी मिळत नाही याचा असतो. पण मालक म्हणून त्याला हेही विचारता येतं की बाबा, हंगामात दोन-तीनदा मळीचा, कंपोस्टचा, राखेचा नमुना धातूंसाठी तपासा आणि आकडा पावतीवर छापा. कारखान्याला याचा खर्च किरकोळ आहे. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटसारखी संस्था १९७५ पासून साखरेवरच काम करते आहे. शेतकऱ्याने एकट्याने शिसं-कॅडमियम तपासून घ्यायचं तर ते महाग पडतं, कारखान्याने हजारो शेतकऱ्यांसाठी एकदा करायचं तर ते चिमूटभर आहे.

आणि आकडा चांगला आला तर त्यात कारखान्याचाच फायदा. मळीला दर येईल. आकडा वाईट आला तर कोणत्या टप्प्यावर, कोणत्या मालातून आलं ते शोधता येईल, जसं हळदीचं शोधलं. दोन्हीकडून जमीन वाचते.

भावाने त्या आठवड्यात ट्रॉल्या थांबवल्या. कायमच्या नाही, हे त्याने दोनदा बजावलं. शेणखत परवडत नाही, रान वाट बघत नाही, आणि शेजारच्यांनी तर मळी टाकूनही झाली. मला त्याचं म्हणणं खोडता येत नाही. त्याच्याजागी मी असतो तर कदाचित थांबलोही नसतो. पण त्याने माझ्याकडून कारखान्याच्या नावाने एक साधा अर्ज लिहून घेतला. सभासद क्रमांक, गाव, गट नंबर, आणि एकच मागणी: आम्हाला मिळणाऱ्या प्रेसमडचा जड धातूंचा तपासणी अहवाल मिळावा.

भावाने सही केली आणि वाचायला म्हणून मामूंकडे दिला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि सहीच्या वर जी थोडी जागा उरली होती तिथे आपल्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. प्रयोगशाळेच्या बेसिनचं पाणी कुठे जातं, तेही कळवावं.